घरची बंदूक आणि कायदा

घरातील जुन्या वस्तू विकण्याचा प्रसंग प्रत्येक कुटुंबात केव्हा ना केव्हा येतो. वडिलांची सायकल, आजोबांचे शिसवी कपाट, आईचे शिवणयंत्र, यांपैकी कोणतीही वस्तू विकावयाची म्हटली तर गिऱ्हाईक पाहावे, किंमत ठरवावी, पैसे मोजून घ्यावे आणि वस्तू हवाली करावी, एवढ्यात सारा व्यवहार आटोपतो. दोघांच्या संमतीखेरीज तिसऱ्या कोणाची तेथे गरज पडत नाही. तथापि गृहस्थाच्या घरात एक वस्तू अशी असू शकते, की जिच्या विक्रीत विकणारा आणि घेणारा यांच्याखेरीज एक तिसरा पक्ष नेहमीच हजर असतो. ती वस्तू म्हणजे बंदूक, आणि तो तिसरा पक्ष म्हणजे शासन. हा तिसरा पक्ष व्यवहारात का आला, त्याचे नेमके म्हणणे काय, आणि त्याला वगळून व्यवहार केला तर सज्जन माणूसही गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात कसा उभा राहू शकतो, हे समजून घेणे ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्यांना आवश्यक आहे. आणि ज्यांच्या घरी ते नाही, त्यांनाही एक जबाबदार नागरिक म्हणून ते जाणून घेण्याजोगे आहे.

छत्तीसगडच्या राजधानीत, रायपूरमधल्या शंकर नगरासारख्या वसाहतीत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. या प्रदेशाचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी १७५८ साली रतनपूरला येऊन राहिले, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, पुरोहित अशी कितीतरी मराठी कुटुंबे छत्तीसगडात आली. १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड या जोड प्रांताच्या काळात नोकरी, वकिली आणि शिक्षण यांच्या निमित्ताने आणखी मंडळी आली. भोवताली सालाचे आणि सागाचे अफाट जंगल, रानडुकरांनी पिके उद्ध्वस्त करावी अशी खेडी, आणि शिकारीचा शौक हा त्या काळी प्रतिष्ठेचा भाग. त्यामुळे मालगुजार, वनखात्याचे अधिकारी, ठेकेदार आणि वकील यांच्या घरी बारा बोअरची एखादी दुनळी असणे यात त्या काळी नवल नव्हते.

काळ पालटला. भारतातील अखेरचे म्हणून ज्यांची नोंद केली जाते ते तीन चित्ते याच प्रदेशातील कोरिया संस्थानात १९४७ च्या सुमारास मारले गेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकार हा शौक न राहता गुन्हा ठरला. मालगुजारी तर त्याआधीच संपली होती. शहरात राहावयास आलेल्या पुढच्या पिढीला भिंतीवरच्या बंदुकीचे काम उरले नाही. उलट दर वेळी परवान्याचे नूतनीकरण, निवडणुका आल्या की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा हुकूम, आणि घरात लहान मुले असली तर सततची धास्ती, एवढेच त्या वस्तूचे उरलेले देणे. दुसरीकडे, १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची खाजगी आयात जवळजवळ बंद झाल्यामुळे चांगल्या विलायती बंदुकीला आणि पिस्तुलाला देशात बरीच किंमत येऊ लागली. म्हणजे वस्तू घरात नकोशी आणि बाजारात हवीशी. विकण्याचा मोह व्हावा अशी ही स्थिती असल्यामुळेच कायदा नीट समजून घेतला पाहिजे.

त्यासाठी प्रथम एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. मालकी ही एक गोष्ट आणि ताबा ही दुसरी. इतर वस्तूंच्या बाबतीत मालकाला ताबा आपोआप मिळतो. बंदुकीच्या बाबतीत तसे नाही. बंदूक ही मालमत्ता आहे, तिला किंमत आहे, ती वारशात उतरते. पण ती जवळ बाळगण्याचा अधिकार मालकीतून निघत नाही, तो परवान्यातून निघतो. आणि परवाना ही मालमत्ता नव्हे. तो विकता येत नाही, भेट देता येत नाही, मृत्युपत्राने कोणाच्या नावे करून ठेवता येत नाही. शासनाने एका विशिष्ट व्यक्तीची पारख करून तिच्यावर टाकलेला तो विश्वास आहे. शस्त्रविक्रीचे सारे नियम या एका भेदातून उगवले आहेत असे म्हटले तरी चालेल.

हा विचार आपल्याकडे कसा रुजला याचा इतिहासही उद्बोधक आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजी सत्तेने प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचे जे धोरण धरले, त्याला १८७८ च्या शस्त्र कायद्याने पक्के रूप दिले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील हा कायदा आरंभी युरोपीयांना सूट देणारा आणि हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभा करणारा होता. त्याबद्दलचा संताप पुढे अर्धशतकभर टिकला. महात्मा गांधींनी १९३० साली सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत आत्मरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली द्यावे ही एक मागणी होती. अहिंसेच्या उपासकाने ही मागणी करावी हे वरवर विचित्र दिसते. पण तिचा रोख शस्त्रापेक्षा त्या कायद्यातील अपमानावर होता. १९३१ च्या कराची काँग्रेसनेही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला.

स्वराज्य आल्यावर मात्र हा प्रश्न नव्या प्रकाशात पाहावा लागला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मूलभूत हक्कांची चर्चा चालू असता मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या यादीत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. रायपूर तेव्हा याच प्रांतात होते. डॉ. आंबेडकरांना ती मान्य झाली नाही, आणि समितीने ती फेटाळली. परक्या सत्तेने प्रजेला निःशस्त्र करणे वेगळे आणि प्रजेच्याच राज्याने शस्त्रांचा हिशेब ठेवणे वेगळे, हा त्यातील मथितार्थ. पुढे संसदेने जुना कायदा मोडीत काढून १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि १९८३ व २०१९ च्या महत्त्वाच्या दुरुस्त्यांसह तोच आजही चालू आहे. त्याखालचे १९६२ चे जुने नियम जाऊन त्यांच्या जागी २०१६ चे शस्त्र नियम आले आहेत.

या अधिनियमाचे तिसरे कलम सांगते की, परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा मिळवू नये, जवळ बाळगू नये अथवा घेऊन हिंडू नये. पाचवे कलम सांगते की, परवान्याशिवाय कोणी शस्त्रांचा व्यापार करू नये. येथे सामान्य गृहस्थाला शंका येते: आपण तर दुकानदार नाही, मग आपली एकुलती एक बंदूक विकण्यासाठी आपल्यालाही दुकानदाराचा परवाना काढावा लागेल काय? उत्तर असे की, लागणार नाही. पाचव्या कलमाच्याच दुसऱ्या पोटकलमाने खाजगी माणसासाठी एक दार ठेवले आहे. जो मनुष्य स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी कायदेशीरपणे शस्त्र बाळगून आहे, त्याने ते दुसऱ्या पात्र माणसाला विकावयास हरकत नाही. मात्र त्या दाराला दोन कड्या आहेत, आणि दोन्ही निघाल्यावाचून ते उघडत नाही.

पहिली कडी म्हणजे लेखी सूचना. आपण अमुक शस्त्र विकू इच्छितो हे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळविले पाहिजे, आणि त्यात घेणाऱ्याचे नाव व पत्ता दिला पाहिजे. तोंडी सांगून भागत नाही. ओळखीच्या हवालदाराच्या कानावर घालणे म्हणजे सूचना नव्हे. ज्या क्षेत्रासाठी पोलीस आयुक्त नेमलेला असतो, तेथे जिल्हा दंडाधिकारी या शब्दाचा अर्थ पोलीस आयुक्त असा घ्यावयाचा असतो. दुसरी कडी म्हणजे मुदत. ही सूचना दिल्यापासून किमान ४५ दिवस लोटल्याखेरीज शस्त्र हवाली करता येत नाही. सूचना आज दिली आणि उद्या बंदूक देऊन टाकली, तर सूचना देऊनही नियम मोडल्यासारखेच होते.

पंचेचाळीस दिवसांचा हा अवकाश कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. घेणारा खरोखर कोण आहे, त्याचा परवाना खरा व चालू आहे काय, त्याच्यावर काही खटला आहे काय, तो ज्या गावचा आहे त्या गावी काही तंटाबखेडा चालू आहे काय, हे पाहण्यास यंत्रणेला सवड हवी. रायपूरच्या विकणाऱ्याला धमतरी किंवा महासमुंदचा गिऱ्हाईक भेटला, तर दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत पत्रव्यवहार व्हावा लागतो. शिवाय मनुष्यस्वभावाचाही विचार यात दिसतो. रागाच्या भरात किंवा एखाद्या भांडणाच्या तोंडावर ज्याला शस्त्र हवे असते, त्याला ते आजच हवे असते. दीड महिन्यात बऱ्याच वेळा राग निवतो.

सूचनेचा कागद कसा असावा, याचेही थोडे विवेचन केले पाहिजे. त्यात विकणाऱ्याचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक व मुदत, शस्त्राचा प्रकार, बोअर, बनविणाऱ्याचे नाव आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक, बरोबर द्यावयाची काडतुसे असल्यास त्यांची संख्या, आणि घेणाऱ्याचे नाव, पत्ता व परवान्याचा तपशील असावा. परवान्याला आता राष्ट्रीय नोंदणीचा एक विशिष्ट ओळख क्रमांक असतो. देशातील सर्व शस्त्रपरवान्यांची एकत्र नोंद ठेवणारी संगणकीय यादी गेल्या दशकात उभी राहिली असून ज्या परवान्याला तो क्रमांक नाही, तो ग्राह्य धरला जात नाही. जुन्या कागदावर विसंबून असलेल्या वृद्ध परवानाधारकांनी ही गोष्ट प्रथम तपासून पाहावी. सूचना हाती दिली तर तिच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. ४५ दिवसांची मोजणी त्या तारखेवरून व्हावयाची असल्यामुळे ती पोच म्हणजे विकणाऱ्याचे खरे कवच होय.

अधिनियमाचा शब्द ‘कळविणे’ हा आहे, ‘परवानगी’ हा नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते शब्दशः खरे आहे. पण व्यवहार पुरा होण्यासाठी घेणाऱ्याच्या परवान्यावर ते शस्त्र चढले पाहिजे आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरून ते उतरले पाहिजे, आणि या दोन्ही नोंदी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्याच हातच्या आहेत. म्हणून शहाणा मनुष्य शब्दाचा वाद घालीत न बसता कचेरीकडून ना हरकत असल्याचे लेखी उत्तर येण्याची वाट पाहतो.

आता घेणारा कोण असावा ते पाहू. त्याच्याजवळ कोणताही शस्त्रपरवाना असला म्हणजे झाले, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. परवाना हा ठराविक प्रकारच्या शस्त्रासाठी असतो. ज्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला आहे, त्याला त्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर घेता येणार नाही. ज्याच्या परवान्यावरील जागा आधीच भरलेली आहे, त्याला नवी मंजुरी मिळाल्याशिवाय दुसरे शस्त्र घेता येणार नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. ज्यांच्यापाशी तिसरे शस्त्र होते, त्यांना ते १४ डिसेंबर २०१९ पासून एका वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करण्यास सांगण्यात आले होते. ती मुदत केव्हाच संपली आहे. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. सैन्याच्या वापरातील दारूगोळा ज्यांत चालतो अशी ९ मिलिमीटर किंवा .३०३ यांसारखी निषिद्ध बोअरची शस्त्रे तर अगदीच निराळ्या वर्गात मोडतात. त्यांचा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर मिळतच नाही, तो विषय केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो.

याखेरीज काही व्यक्तींना शस्त्र विकणेच नववे कलम मना करते. जो २१ वर्षांचा झालेला नाही. ज्याला हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल कारावास झाला असून शिक्षा संपून पाच वर्षे लोटलेली नाहीत. शांतता राखण्याबद्दल किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल ज्याच्याकडून बंधपत्र घेतले आहे आणि त्याची मुदत चालू आहे, असे ते लोक. आणि ज्याचे मन ठिकाणावर नाही हे विकणाऱ्याला माहीत आहे, किंवा तसे मानण्यास त्याच्यापाशी कारण आहे, त्यालाही शस्त्र विकता येत नाही. येथे कायदा विकणाऱ्याच्याही विवेकाला हाक घालतो. ‘त्याच्याकडे परवाना होता, पुढचे मला काय ठाऊक?’ हे म्हणणे प्रत्येक वेळी पुरे पडत नाही. घेणारा खरोखर पात्र आहे याची आधी खात्री करून घेण्याची जबाबदारी देणाऱ्यावरही आहे. तसेच ज्या शस्त्रावर बनविणाऱ्याचे नाव व क्रमांक नाही, किंवा तो खरवडून काढलेला आहे, असे शस्त्र विकताही येत नाही आणि घेताही येत नाही. असे शस्त्र ज्याच्यापाशी सापडेल त्यानेच तो क्रमांक पुसला, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर पडते.

मुदत संपली, नोंदी झाल्या, की प्रत्यक्ष हवाली करण्याचा प्रसंग येतो. ही गोष्ट विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने, घेणाऱ्याच्या स्वतःच्या हाती करावी. नोकराबरोबर, वाहनचालकाबरोबर किंवा गावी निघालेल्या आप्ताबरोबर बंदूक पाठवू नये. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत कायद्यात आहे खरी. पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. विक्री त्यात बसत नाही. घेणाऱ्याचा परवाना त्याच्या जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता आहे, की सबंध देशासाठी आहे, हेही पाहावे. नाहीतर धमतरीच्या परवान्यावर रायपूरहून बंदूक नेताना वाटेतच तो अडचणीत यावयाचा. काडतुसांना बंदुकीचाच नियम लागू आहे. कपाटातील उरलीसुरली काडतुसे सहज म्हणून कोणाला देऊन टाकणे हाही दारूगोळ्याचे बेकायदा हस्तांतर करण्याचाच प्रकार होय.

आतापर्यंत जे सांगितले ते परवानाधारक हयात असतानाचे. खरी गुंतागुंत त्याच्या मृत्यूनंतर निर्माण होते, आणि अजाणतेपणी गुन्हा घडतो तो बहुधा येथेच. समजा, शंकर नगरात राहणाऱ्या एका निवृत्त वन अधिकाऱ्याचे निधन झाले. मागे पत्नी, रायपुरात नोकरी करणारा थोरला मुलगा आणि पुण्यास असलेला धाकटा. दिवाणखान्याच्या कपाटात बारा बोअरची दुनळी आणि पंधरावीस काडतुसे. घरात दुःखाचे वातावरण. बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत बंदुकीची आठवण कोणाला होणार? महिने लोटतात. मग एके दिवशी विचार निघतो, की वडिलांचे एक शेतकरी स्नेही धमतरीकडे राहतात, त्यांच्याजवळ परवानाही आहे. त्यांनाच ही द्यावी. विचार चांगला आहे, माणूस चांगला आहे, किंमतही वाजवी ठरली आहे. तरीही या घरात एक कायदेभंग आधीच घडून गेलेला आहे, आणि त्याची कोणाला कल्पनाही नाही.

तो असा की, परवाना वडिलांच्या नावाचा होता, आणि त्यांच्याबरोबर तो संपला. त्या क्षणापासून घरातील बंदूक ही परवान्याविना असलेली बंदूक झाली. ती मुलांच्या मालकीची झाली हे खरे, पण ती जवळ ठेवण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाही नाही. अशा प्रसंगासाठी अधिनियमाचे एकविसावे कलम आहे. शस्त्राचा ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही, तर अनावश्यक विलंब न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे, असे ते सांगते. म्हणून शंकर नगरातील त्या कुटुंबाने पहिले काम कोणते करावयाचे, तर बंदूक व काडतुसे, परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात किंवा दुकानात जमा करावयाची आणि पावती घ्यावयाची. जमा करणे म्हणजे गमावणे नव्हे. तेच कलम वारसांना दोन हक्क देते. नियमांनी ठरविलेल्या मुदतीत वारसाने स्वतः परवाना मिळविला तर शस्त्र परत घेता येते. किंवा तसे नको असेल तर ते पात्र व्यक्तीला विकून त्याचे पैसे घेता येतात. मात्र मुदत उलटून गेली आणि वारसांनी काहीच केले नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने शस्त्र सरकारजमा होऊ शकते.

थोरल्या मुलाला वडिलांची आठवण म्हणून बंदूक ठेवावयाची असेल, तर २०१६ च्या नियमांत वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. इतर वारसांची हरकत नाही असे लिहून घेऊन त्याने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. त्याची पात्रता इतर कोणाही अर्जदारासारखीच पाहिली जाते. या नियमांत आणखी एक दूरदर्शी सोय आहे, ती मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याजवळ २५ वर्षे राहिले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाचे नाव सुचवू शकतो, आणि तो वारस पात्र ठरल्यास त्याच्या नावे परवाना देता येतो. वृद्ध परवानाधारकाने हे केले, किंवा वापर उरला नसल्यास आपल्या हातानेच बंदूक विकून टाकली, तर मागे राहणाऱ्यांवर नको तो प्रसंग ओढवणार नाही. घराचे मृत्युपत्र करणारी माणसे बंदुकीची व्यवस्था मात्र विसरतात.

काही गैरसमजांचा येथेच निरास केलेला बरा. बंदूक गंजली आहे, घोडा पडत नाही, म्हणून ती बंदूकच नव्हे असे पुष्कळांना वाटते. कायद्याने सूट दिली आहे ती जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या अशाच शस्त्राला, की जे दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून चालविता येणार नाही. लोहाराने दोन दिवसांत चालू करावी अशी बंदूक या सवलतीत येत नाही. दुसरा गैरसमज असा की, पैसे घेतले नाहीत म्हणजे विक्री झाली नाही. कायद्याचे शब्द ‘विक्री किंवा हस्तांतर’ असे आहेत. जावयाला दिलेली भेटही हस्तांतरच होय. तिसरा समज असा की, बंदूक आपल्या घरात नसून मित्राच्या घरी ठेवली आहे, तेव्हा आपला संबंध नाही. १९७२ साली गुणवंतलाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या समजाचा निकाल लावला. हा खटला ज्या मध्य प्रदेशातून आला, त्यात त्या वेळी रायपूरही होते. ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे. वस्तू दुसऱ्याच्या हाती दिलेली असली, तरी तिच्यावर आपली जाणीवपूर्वक सत्ता असेल तर तो आपलाच ताबा, असे तत्त्व त्या निकालाने सांगितले. म्हणजे परवान्याविना शस्त्र मित्राकडे ठेवणारा आपली जबाबदारी टाळू शकत नाही, आणि ठेवून घेणारा मित्र मात्र नवी जबाबदारी ओढवून घेतो.

शिक्षेच्या बाबतीत कायद्याने तारतम्य ठेवले आहे. घेणारा पात्र आहे, पण विकणाऱ्याने सूचना दिली नाही किंवा ४५ दिवस वाट पाहिली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्याविना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद. आणि पाचव्या कलमाची चौकटच मोडून शस्त्राची बेकायदा विक्री केली, तर किमान सात वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंत. रांग मोडणाऱ्या माणसात आणि चोरवाट काढणाऱ्या माणसात कायदा फरक करतो तो असा. पण ५०० रुपयांच्या आकड्याने कोणी निर्धास्त होऊ नये. त्या किरकोळ दिसणाऱ्या गुन्ह्यानेही परवाना जाऊ शकतो, आणि घेणारा अपात्र निघाला तर प्रकरण पाहता पाहता मोठ्या कलमात जाते.

इतर देशांकडे पाहिले म्हणजे आपल्या नियमाचा विशेष अधिक स्पष्ट होतो. इंग्लंडात घेणाऱ्याजवळ पोलिसांचे प्रमाणपत्र असावे लागते, शस्त्र समक्ष हवाली करावे लागते आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवावे लागते. म्हणजे तेथे खबर विक्रीनंतर द्यावयाची असते, आपल्याकडे विक्रीपूर्वी. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत नमूद आहे. तेथे परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाईकाची चौकशी करावी लागते, पण एकाच राज्यातील दोन खाजगी व्यक्तींमधील विक्रीवर संघराज्याचा कायदा तशी सक्ती करीत नाही; काही राज्यांनी ती स्वतःच्या कायद्याने केली आहे. हक्काला अग्रस्थान दिले की शासन मागे सरते, आणि विश्वासाला अग्रस्थान दिले की प्रत्येक हस्तांतराच्या वेळी तो विश्वास नव्याने तपासावा लागतो.

मात्र नागरिकाकडून एवढी शिस्त मागणाऱ्या शासनावरही तितकेच ऋण आहे, हे विसरता कामा नये. परवाना नाकारावयाचा तर कारणे लेखी नोंदविली पाहिजेत, आणि लोकहिताला बाध येत नसेल तर मागितल्यास ती अर्जदाराला सांगितली पाहिजेत, असे कायदाच म्हणतो. अशा निर्णयावर वरिष्ठांकडे अपील करण्याचा मार्गही त्याने ठेवला आहे. ४५ दिवस ही मुदत नागरिकाला थांबविण्यासाठी आहे तशीच ती कचेरीने आपले काम आटोपण्यासाठीही आहे. वडिलांची बंदूक घेऊन ठाण्यात आलेल्या मुलाकडे संशयिताप्रमाणे पाहिले गेले, त्याला पावतीसाठी चार खेपा घालाव्या लागल्या, तर ती गोष्ट गावभर होते. आणि पुढच्या घरची बंदूक ठाण्यात न येता माळ्यावर जाते. माळ्यावर गेलेली बंदूक कोणत्याही यादीत राहत नाही. ती चोरीस गेली तरी घरचे लोक भीतीने तक्रार करीत नाहीत. मग तिचे काय होते हे ती पुन्हा एखाद्या गुन्ह्यात सापडेपर्यंत कोणालाच कळत नाही. बेकायदा शस्त्रे चोरट्या कारखान्यांत तयार होतात हे खरे. पण सज्जनांच्या घरातून हरवलेली शस्त्रेही शेवटी त्यांच्याच रांगेत जाऊन बसतात.

कायद्याचे सारे म्हणणे अखेर एका वाक्यात सांगता येईल: कोणत्याही क्षणी प्रत्येक बंदूक कोणाच्या तरी नावावर आणि कोणाच्या तरी जबाबदारीवर असली पाहिजे. परवाना, लेखी सूचना, ४५ दिवसांची मुदत, समक्ष हवाली, दोन्हीकडच्या नोंदी, आणि मृत्यूनंतरचा जमा, या सर्व त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. बंदूक विकणाऱ्याला किमतीचे पैसे हाती पडताच व्यवहार संपला असे वाटते. वास्तविक तो संपतो, ते आपल्या परवान्यावरून ती बंदूक उतरून दुसऱ्या एका पात्र माणसाच्या परवान्यावर चढली हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच. शंकर नगरातील कपाटात उभी असलेली दुनळी असो की कोकणातील शेतकऱ्याची ठासणीची बंदूक असो, तिचा हा हिशेब पुरा करून देणे हे परवान्याने टाकलेल्या विश्वासाची परतफेड करण्यासारखेच आहे.